कॅश साफ केली तर पैसे जातात का? सदाशिव पेठेतल्या सहा शनिवारांचा हिशेब

जिन्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याची पाटी आहे. ‘संगणकातले शब्द समजावून सांगितले जातील. टायपिंग शिकवले जात नाही. मोबाइल दुरुस्त केला जात नाही. रिचार्ज मारून दिला जात नाही.’ चार वाक्यं, त्यांतली तीन नकाराची. जागा सदाशिव पेठेत आहे हे वेगळं सांगायला नको. वर्गाला नाव नाही, त्यामुळे मीही इथे देऊ शकत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कोण बोलतंय ते कळेल. मी एकोणीस वर्षं नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. पुढं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आलं, खिळे किलोच्या भावानं भंगारात गेले आणि मी लाल पेन घेऊन प्रुफं तपासायला बसलो. म्हणजे संगणकाशेजारी मी वीसेक वर्षं बसलोय. पण शेजारीच. त्याच्याशी जे काय बोलायचं ते ऑपरेटर बोलायचा, मी कागदावर.

वर्गाला जायला निमित्त झालं मोबाइलचं. तो ‘स्टोरेज फुल’ म्हणायला लागला म्हणून एका दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलानं पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘काका, रॅम भरलीय. वाढवून देतो.’ साडेअकराशे रुपये घेतले आणि नखाएवढं कार्ड आत सरकवलं. चार दिवसांत पुन्हा ‘स्टोरेज फुल’. मुलगा वाकडला राहतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘बाबा, त्यानं तुम्हाला मेमरी कार्ड दिलंय. मोबाइलची रॅम अशी वाढत नसते.’ मी विचारलं, रॅम म्हणजे काय? ‘मेमरी.’ आणि हे कार्ड? ‘ती पण मेमरीच, पण वेगळी.’ तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली. साडेअकराशे रुपयांपेक्षा मला ते ‘पण वेगळी’ जास्त लागलं.

तर, पंधराशे रुपये, सहा शनिवार, दहा ते बारा. पैसे पहिल्याच दिवशी घेतात, पावती देतात. एका तुकडीत आठच माणसं. मी कोथरूडहून मेट्रोनं डेक्कनला उतरतो आणि लकडी पुलावरून, अलका टॉकीजच्या चौकातून चालत जातो. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळणार नाही आणि मिळाली तर उचलून नेतील. जिना लाकडी आणि उभा आहे; गुडघे दुखत असतील तर आधी जिना बघून या आणि मग पैसे भरा. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, दुसऱ्या तासाला पाठ बोलायला लागते. अकराला चहा मिळतो, चांगला असतो, साखर सगळ्यांना सारखी. दहा म्हणजे दहा. दहा वाजून सात मिनिटांनी आलेल्या एका गृहस्थांना बाईंनी ‘या, बसा’ म्हटलं, पण झालेलं पुन्हा सांगितलं नाही.

बाई म्हणजे त्या घरच्या सूनबाई. पस्तिशीच्या असतील. हिंजवडीतली नोकरी सोडून सासूबाईंच्या पुढच्या खोलीत हे सुरू केलंय. आवाज खणखणीत, बोलणं भरभर. आम्हाला काका, आजी म्हणतात. चुकलं की ‘अहो काका’.

पहिल्या दिवशी मी मनाशी ठरवून गेलो होतो, की आता ऐकायला मिळणार, ‘रॅम म्हणजे तुमचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली’. असल्या उपमा यूट्यूबवर रग्गड ऐकल्या होत्या. ओटा कळतो, कोठी कळते, रॅम आहे तिथंच राहते. बाईंनी एकही उपमा दिली नाही. टेबलावर एक जुना डेस्कटॉप होता, त्याच्या कुशीचा पत्रा काढलेला. ‘याला काय म्हणतात?’ आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, सीपीयू. त्यांनी पंख्याखालून, राखाडी मलम लागलेली, बिस्किटाएवढी चौकोनी चकती काढली आणि माझ्या शेजारच्या आजींच्या तळहातावर ठेवली. ‘सीपीयू हा, सगळी आकडेमोड करणारा. तुम्ही म्हणताय तो नुसता डबा.’ वीस वर्षं आमच्या ऑफिसात ‘सीपीयू पुसून घे रे’ असं शिपायाला सांगत आलो, ते आठवलं.

मग रॅम. हा भाग सविस्तर सांगतो, कारण पंधराशे रुपये इथंच वसूल झाले.

आधी डब्याला पडदा जोडून संगणक चालू केला. तुकडीत एक निवृत्त तलाठी होते, त्यांना नोटपॅड उघडून एक ओळ लिहायला सांगितली. त्यांनी एकेक कळ शोधत लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, आपलं नाव, गाव, तालुका, जिल्हा. सवय. लिहून झालं आणि बाईंनी भिंतीतली पिन ओढली. तलाठी ‘अहो, अहो’ करेपर्यंत पडदा काळा. पुन्हा चालू केलं, ओळ नाही. ‘कुठं गेली?’ त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं आत असेल, कुणी म्हणालं कचऱ्याच्या डब्यात. बाई म्हणाल्या, ‘कुठंही गेली नाही. वीज होती तोवर ती होती. आता नाहीच.’ ओळ पुन्हा लिहून घेतली, या वेळी सेव्ह केली, पुन्हा पिन ओढली. चालू केल्यावर फाइल उघडली आणि गाव-तालुका-जिल्हा हजर. पहिली ओळ नुसती रॅममध्ये होती, सेव्ह केलेली हार्ड डिस्कवर गेली.

त्यानंतर वीज बंद करून, पिन काढून, हात जरा वेळ लोखंडी डब्याला टेकवून (अंगातली स्थिर वीज जावी म्हणून) मला रॅमची पट्टी काढायला सांगितली. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या अंगठ्यानं बाहेर ढकलल्या की पट्टी वर उचलून येते. हिरवी, पाचेक इंच लांब, कडेला सोनेरी दातांची रांग. दातांच्या मध्ये एक खाच आहे आणि ती बरोबर मधोमध नाही, जराशी एका बाजूला. मी विचारायच्या आत बाई म्हणाल्या, ‘उलटी बसू नये म्हणून.’ खिळ्याच्या अंगालाही अशीच खाच असते. न बघता बोटाला कळतं, अक्षर सुलटं धरलंय की उलटं. एकोणीस वर्षं त्या खाचेवर बोट फिरवलंय. पट्टी हातात धरून मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. बाईंना वाटलं मला भीती वाटली.

पट्टीशिवाय डबा चालू केला तर तो टी-टी करून ओरडायला लागला, पडद्यावर काही नाही. म्हणजे कोठी भरलेली असली तरी रॅमशिवाय त्याला आपलं नावही सांगता येत नाही. शेवटी हार्ड डिस्क दाखवली, झाकण उघडलेली: आरशासारखी तबकडी आणि तिच्यावर येणारा लांबट हात. चालू असताना ती मिनिटाला ७२०० फेरे घेते. आता नव्या यंत्रांत एसएसडी असतात, त्यांत फिरणारं काहीच नसतं, म्हणून त्या वेगवानही आणि धक्का लागला तरी टिकणाऱ्याही. तीही दाखवली. दिसायला रॅमच्याच पट्टीसारखी, च्युइंगमच्या कांडीएवढी. हे पाहिल्यावर त्या दुकानातल्या मुलाबद्दलचा माझा राग थोडा उतरला, थोडाच.

मला गॅली आठवली, जुळवलेल्या ओळी ठेवायचा लांबट ट्रे. जुळवलेला मजकूर दोरीनं बांधायच्या आधी गॅली हातातून सुटली, की खिळे सगळे जमिनीवर असतात, एकही हरवत नाही. फक्त मजकूर उरत नाही. मी हे वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘काका, उपमा नको म्हटलं होतं ना?’ पण पुढच्या शनिवारी दुसऱ्या कुणाला समजावताना त्यांनी तीच वापरली. मी ऐकलं.

दुसऱ्या शनिवारची गोष्ट आजींची. आजी बँकेतून निवृत्त झालेल्या, आयुष्य रोखपालाच्या पिंजऱ्यात गेलं. त्यांची नात बंगळूरला असते. फोन हळू चालतो म्हटल्यावर नातीनं सांगितलं, ‘आजी, सेटिंगमध्ये जा आणि क्लिअर कॅश दाब.’ आजींनी आठ महिने दाबलं नव्हतं. ‘कॅश क्लिअर करायची म्हणजे? कुणाच्या नावे?’ असं त्यांनी वर्गात विचारलं आणि कुणीही हसलं नाही, कारण तीच शंका आम्हा सगळ्यांना होती. इंग्रजीत रोख रकमेचा कॅश (cash) आणि हा कॅश (cache) यांची स्पेलिंगं वेगळी आहेत. कानाला दोन्ही एकच, आणि देवनागरीत लिहिलं तर डोळ्यालाही एकच. हा दुसरा कॅश फ्रेंचांकडून आला, ‘लपवणे’ या क्रियापदावरून. लपवून ठेवलेला साठा. ब्राउझर एकदा उतरवलेली चित्रं बाजूला दडवून ठेवतो, पुन्हा तेच पान उघडलं तर लांबून आणायला नकोत म्हणून.

हे सांगून थांबल्या असत्या तर सांगितलं आणि संपलं. बाईंनी चित्रांनी भरलेलं एक पान पहिल्यांदा उघडलं, तलाठ्यांना मोठ्यानं आकडे मोजायला लावले: नऊ. दुसऱ्यांदा तेच पान: दोन. कॅश साफ केली, तिसऱ्यांदा: परत आठ. मग आजींच्या फोनकडे मोर्चा. आजींनी आधी बँकेचं ॲप उघडून शिल्लक पाहिली, वहीत लिहिली, मग डोळे किलकिले करून बटण दाबलं, मग पुन्हा शिल्लक पाहिली. जुळली. ‘टॅली झालं,’ म्हणाल्या. त्याच पानावर शेजारी दुसरं बटण असतं, स्टोरेज किंवा डेटा साफ करायचं. ते मात्र न विचारता दाबू नये. ॲप कोरं होतं, पुन्हा लॉग-इन करावं लागतं, आतलं जपलेलं काही असेल तर तेही जाऊ शकतं. हे बाईंनी तीनदा सांगितलं. माझ्या फोनची गाठ मात्र कॅशनं सुटणार नव्हती. त्यात नातेवाइकांच्या सुप्रभातांची चार वर्षं साठली होती. ती मी घरी बसून, चहाचे दोन कप संपेपर्यंत, एकेक करून पुसली.

तिसऱ्या शनिवारी बिट आणि बाइट. आठ बिटांचा एक बाइट, एवढं कुणीही सांगतं. बाईंनी आम्हाला घरचं इंटरनेटचं बिल आणायला लावलं होतं. माझ्या बिलावर १०० एमबीपीएस (Mbps). मग फाइल उतरवताना संगणक सेकंदाला बारा एमबीच्या (MB) वर का जात नाही, अशी माझी जुनी तक्रार होती. कंपनी फसवते असं मी दहा जणांना सांगितलंही होतं. बिलावरचा बी लहान लिपीतला, म्हणजे बिट. संगणक दाखवतो तो मोठा बी, म्हणजे बाइट. शंभराला आठानं भागा, साडेबारा. म्हणजे फरक फक्त केसचा. इंग्रजी खिळ्यांच्या दोन पेट्या मांडायची जुनी रीत होती, मोठी अक्षरं वरच्या पेटीत आणि लहान खालच्या; अपर केस, लोअर केस हे शब्द तिथूनच आले. एका अक्षराची पेटी चुकली की हिशेब आठपट चुकतो, हे कळल्यावर मला प्रूफवाचनाचा इतक्या वर्षांचा पगार कमी वाटायला लागला.

त्याच तासाला ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ का दिसते, तेही झालं. डिस्क बनवणारा हजाराच्या हिशेबानं मोजतो, विंडोज १०२४ च्या. चोरी कुणाचीच नाही. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे २४ कागदांचा दस्ता आणि २० दस्त्यांचं रीम, म्हणजे ४८० कागद. आणि दुसरं रीम ५०० चं. कुठल्या रीमचा भाव सांगतोय हे कागदवाल्याला आधी विचारायचं, एवढं शहाणपण त्या धंद्यात पहिल्या महिन्यात येतं.

चौथा शनिवार फॉन्ट आणि युनिकोडचा (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना नेमून दिलेले संकेत). खरं सांगायचं तर या दिवसासाठी मी कोणत्याही वर्गाला दुप्पट पैसे दिले असते, पण इतर सात जणांना तो रटाळ गेला. आजी पेंगत होत्या.

फॉन्ट हा शब्द धातू वितळवून ओतण्याच्या फ्रेंच क्रियापदावरून आलाय, हे बाईंना माहीत होतं; शिसं ओतून खिळा होतो, म्हणून. मी पिशवीतून एक खिळा काढून दिला. घरी एक मूठभर ठेवलेत. ‘क्ष’ चा होता. बाईंनी तो सगळ्यांना फिरवला आणि मग पडद्यावर ‘क्ष’ लिहून दाखवला. संगणकाकडे ‘क्ष’ असा खिळाच नाही! त्याच्याकडे ‘क’ आहे, पाय मोडायचा हलंत आहे, ‘ष’ आहे. तीन संकेत एकामागोमाग ठेवतो आणि पडद्यावर आणताना फॉन्ट त्यांचा ‘क्ष’ करतो. मजकूर एक, चेहरा दुसरा. युनिकोडनं देवनागरीला १२८ घरं दिलीत, बाकीची सगळी जोडाक्षरं त्यांतून जुळतात. आमच्या केसला त्याहून कितीतरी जास्त खण होते आणि प्रत्येक खणाशी हात पाठ होता.

त्यावरून एक जुनं कोडं सुटलं. डीटीपीच्या सुरुवातीच्या काळात आम्ही एखादी फाइल दुसऱ्या ऑफिसला पाठवली की तिथं मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. तेव्हाचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवायचे. पाठवलेली फाइल मुळात इंग्रजी अक्षरांचीच. फॉन्ट असेल तर ती मराठी दिसायची, नसेल तर अंगावरचा सदरा उतरल्यासारखी. युनिकोडमध्ये ‘क’ हा ‘क’ च असतो, फॉन्ट कोणताही लावा. आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आभाळातून पडला नाही, तो इस्की नावाच्या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलाय. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. तिथले विजय भटकर, १९९१ चा परम ८००० हा महासंगणक, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचंही मोठं काम तिथं झालं, ते मात्र कंपोझिंगच्या टेबलावर बसलेल्या मला कुणी तेव्हा सांगितलं नाही.

मी मग माझी शंका काढली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, एक डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. माझ्या लाल पेनाची निम्मी शाई या एका चिन्हावर गेली असेल, कारण ऑपरेटर सर्रास ‘दर्या’ मारायचे आणि डोंगरात समुद्र यायचा. बाई क्षणभर थांबल्या. ‘काका, मला हे शोधावं लागेल,’ म्हणाल्या, चहाच्या वेळात शोधलं आणि परत येऊन सांगितलं: साधा ‘र’ नव्हे, खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि ‘य’ जोडायचा. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ जिथं आहे तीच कळ शिफ्टसकट. मी खुर्चीत बसून ‘दऱ्या’ लिहिला. मग ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कोपऱ्यात’. आजी जाग्या होऊन म्हणाल्या, ‘यांना काय झालं?’

‘पुणे’ लिहून फाइल सेव्ह केली तर ती १२ बाइटची होते (चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट), इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर ४ ची. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावतात, मराठी घातलं की ७० च, आणि त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. एसएमएसमध्ये जागेसाठी तरी मराठी माणसाला मोजून-मापून बोलावं लागतं, हे मी पेठेतल्या मित्रांना सांगितलं. त्यांना ते लागू पडत नाही.

आता तक्रारी. पहिली छापील पत्रकाची. वर्गात दर वेळी दोन पानी शब्दसूची देतात. पहिल्या पत्रकात ‘हार्ड डिस्क’ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी, ‘संगणक’ मध्येच ‘कॉम्प्युटर’ होतो, आणि ‘परवलीचा शब्द’, ‘संकेतशब्द’, ‘पासवर्ड’ हे तिन्ही एकाच पानावर नांदतात. माझं म्हणणं साधं आहे: एक घ्या आणि तोच ठेवा. ‘आज्ञावली’ वापरायची असेल तर वापरा, ‘सॉफ्टवेअर’ म्हणायचं तर म्हणा, पण शिकणाऱ्या माणसाला दोन शब्द दिसले की तो दोन वस्तू शोधतो. मी लाल पेनानं अडतीस खुणा करून पत्रक परत दिलं. चौथ्या शनिवारी सुधारलेली प्रत आली. अडतिसापैकी एक खूण माझीच चुकली होती. बाईंनी ती तशीच ठेवून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. बरोबर होतं त्यांचं.

दुसरी तक्रार एका पतंगाची, म्हणजे किड्याची. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या एका रिलेत (विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये) पतंग अडकला, तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि तेव्हापासून दोषाला ‘बग’ म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. नोंदवहीच्या पानाचा फोटोही दाखवला. मी वाचायची सवय असल्यामुळे वाचला. त्यात लिहिलंय, किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे ‘बग’ म्हणणं आधीपासून चालू होतं. लिहिणाऱ्यानं त्यावर विनोद केलाय. घरी शोधलं तर एडिसननं १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या दोषांना हाच शब्द वापरलाय. पुढच्या आठवड्यात सांगितलं. बाई ‘अरे हो की’ म्हणाल्या. पण आधीच्या तुकड्या पतंगच घेऊन घरी गेल्या असणार.

क्लाउड हा शब्द मी नुसता ऐकत आलो होतो. वर हवेत काहीतरी. पाचव्या शनिवारी बाईंनी सांगितलं: ढग-बिग काही नाही, दुसऱ्याच्या मालकीचे, दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेले, भाड्यानं वापरायचे संगणक. इमारतींना जमीन लागते, वीज लागते, गार ठेवायला यंत्रणा लागते. ‘मग ही इमारत कुठं असते?’ तलाठ्यांचा प्रश्न, अर्थातच. सातबारा कुणाच्या नावे, हेही विचारतील असं वाटलं. जगभर असतात, पण मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा एक विभाग पुण्यातच आहे, २०१५ पासून. त्याचं नाव ‘सेंट्रल इंडिया’. पुणे हा भारताचा मध्य आहे हे मायक्रोसॉफ्टला कळायला २०१५ उजाडावं लागलं, आपल्याला आधीपासून माहीत होतं.

क्यूआर कोडच्या वेळी मजा आली. बाईंनी छापील कोडावर मधोमध बिस्किटाचा तुकडा ठेवला आणि स्कॅन करायला सांगितलं. झाला. कोडात मूळ माहितीवरून काढलेली जास्तीची माहितीही भरून ठेवलेली असते, त्यामुळे थोडा भाग झाकला किंवा फाटला तरी वाचता येतो. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन मात्र झाकायचे नाहीत, त्यांवरून फोनला कळतं कोड कुठं आहे आणि कुठली बाजू वर आहे. १९९४ साली जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग मोजायला काढलेली ही युक्ती आता आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या तराजूला टांगलेली आहे.

त्याला जोडूनच यूपीआय. तुकडीतल्या एका जोडप्याचं जुना सोफा विकताना आठ हजारांचं नुकसान झालेलं. घेणारा म्हणाला, ‘कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ बाईंनी त्या दोघांनाच समोर बसवून एकमेकांना एक-एक रुपया पाठवायला लावला. पाठवणाऱ्याला पिन लागला. घेणाऱ्याचा फोन नुसता वाजला. दोनदा, तीनदा, उलटसुलट. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे वाक्य जोडप्यातल्या काकूंनी स्वतःहून म्हटलं, आणि मग नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की आम्ही सगळ्यांनी चहाचे कप उचलले. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा, हेही वहीत लिहून घेतलं. ॲड्रेस बारमधल्या कुलपाबद्दलही तेव्हाच कळलं: कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचणार नाही एवढंच, पलीकडे बसलेला चोर असू शकतो. क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूप काढूनच टाकलं, लोक त्याचा भलता अर्थ घेतात म्हणून.

सहावा शनिवार फसला. एआय, अल्गोरिदम, ब्लॉकचेन, मशीन लर्निंग हे सगळं दोन तासांत, आणि हातात द्यायला काहीच नाही. त्या दिवशी बाई उपमांवर आल्या. लहान मूल मांजर ओळखायला कसं शिकतं वगैरे. मी ते आधी ऐकलं होतं. अल्गोरिदमला त्यांनी ‘रेसिपी’ म्हटलं. मी विचारलं, मग मला रोज गुडघेदुखीच्या जाहिराती कोण रेसिपीनं दाखवतो? उत्तर मिळालं, पण ते मला समजलं नाही आणि बहुतेक त्यांनाही पटलं नाही. चार शब्दांपैकी दोनच घेतले असते आणि बाकीचा वेळ राउटर उघडून दाखवला असता तर बरं झालं असतं. राउटर आणि मोडेम यांतला फरक या वर्गात कुठेच झाला नाही, आणि घरचं इंटरनेट बंद पडलं की कस्टमर केअरवाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

टायपिंग यावं, एक्सेल यावं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, पाटीवर लिहिलेलंच आहे. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तरी नको, देत नाहीत. नातवंडांशी बोलताना ‘ते काय ते’ म्हणायचा कंटाळा आला असेल तर जा. मला बाई पुढच्या तुकडीच्या चौथ्या शनिवारी खिळे घेऊन या म्हणाल्यात. फुकट चहा मिळेल म्हणून मी हो म्हटलंय.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. चौकशी पाचला, सहाला दार बंद. जाताना घरचं इंटरनेटचं बिल आणि वाचायचा चष्मा न्या. रॅमच्या पट्टीवर जे छापलंय ते चार पॉइंटांच्या अक्षराहून (पॉइंट हे छापखान्याचं माप) मोठं नाही, आणि बाई ते वाचायला लावतात.